जामखेडचा दवाखाना आणि त्याची गावे

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशात जामखेड तालुका आग्नेयेच्या टोकाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांना लागून आहे. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले. 1795 साली मराठ्यांची निजामाशी लढाई झाली ते खर्डाही इथलेच. एवढा मान सोडला तर या मुलखाची ओळख अवर्षणाचीच. ज्वारी-बाजरी पावसाच्या भरवशावर, हाताला काम नसले की ऊसतोडीची वाट, आणि उन्हाळा लागला की पाण्यासाठी बायकांची मैलोगणती पायपीट. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य इथे आले, तेव्हा काम सुरू करायला त्यांना मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची वापरात नसलेली इमारत.

त्या इमारतीत सुरू झालेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची पन्नास वर्षांहून मोठी वाटचाल हा या पुस्तकाचा विषय आहे. रुग्णालयाचा इतिहास म्हटला की वाचकाच्या मनात एक ठरलेला आराखडा असतो: आधी एक खोली, मग दहा खाटा, मग शंभर, मग नवी इमारत, नवी यंत्रे, नवे विभाग. जामखेडची हकिकत त्यात बसत नाही. तिथले रुग्णालय अनेक दशके 40 खाटांच्या आसपासच राहिले. वाढत गेली ती त्याच्याशी जोडलेली गावे, आणि त्या गावांत आजार ओळखणारी आणि थोपवणारी माणसे. गेल्या शतकात महाराष्ट्राने आरोग्याच्या क्षेत्रात जगाला जे दिले त्यात मी या कामाला सर्वांत वरचे स्थान देईन. जगाने ते पाहिले, अभ्यासले, वाखाणले. आपण घरी मात्र ते अर्धेच घेतले. कोणते अर्धे घेतले आणि कोणते सोडले, हे मनात ठेवून हे पुस्तक वाचावे असे मला वाटते.

आरोळे दांपत्याची घडण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टर बाईंनी 1900 साली एका खाटेवर सुरू केलेली ती संस्था. 1918 पासून तिथे मुलींना डॉक्टरकी शिकायला मिळू लागली, मुलांना प्रवेश मिळाला तो 1947 मध्ये. रस्त्याकडेला, झाडाखाली, ठरल्या दिवशी दवाखाना भरवायचा ही वेल्लोरची जुनी रीत. त्यामुळे रुग्णाने दवाखान्याकडे येण्याऐवजी दवाखान्याने गावाकडे जाणे तिथल्या विद्यार्थ्यांना अनोळखी नव्हते. रजनीकांत नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, मेबल जबलपूरच्या. 1960 साली लग्न करतानाच दोघांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी वेचायचे ठरवले आणि पुढची काही वर्षे नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली.

वडाळ्याने त्यांना अस्वस्थ केले. रुग्णालय भरलेले असायचे, शस्त्रक्रिया यशस्वी व्हायच्या, लोक आशीर्वाद देऊन जायचे. पण हगवणीने सुकलेले मूल सलाइनने उठून बसले, घरी गेले, की काही आठवड्यांनी त्याच पाण्यापायी पुन्हा दारात. धनुर्वाताने तान्हे बाळ दगावले की पुढच्या गावातून तसेच दुसरे यायचे. आपल्याकडे येणारे बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते, आणि जे गावात मरतात ते तर आपल्यापर्यंत पोचतही नाहीत, हे त्यांना तिथे कळले. पुढे दोघे अमेरिकेला गेले. तिथले रुग्णालयीन प्रशिक्षण संपल्यावर त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. पंजाबातल्या नारंगवाल गावी ग्रामीण आरोग्याचे प्रयोग करणारे कार्ल टेलर हे तिथले त्यांचे गुरू. मायदेशी परतताना त्यांना असे ठिकाण हवे होते, जिथले लोक त्यांना बोलावतील आणि कामात भागीदार होतील. जामखेडने ते केले.

इथे त्यांनी केलेली पहिली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते प्रतिबंधाची व्याख्याने देत बसले नाहीत. लोकांना डॉक्टर हवा होता, तर त्यांनी आधी डॉक्टर दिला. अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या, गळवे कापली, सर्पदंश सांभाळले. विश्वास बसला, मग गावोगाव विचारणा सुरू झाली: तुमची अडचण काय? उत्तरात आजार पहिला आलाच नाही. लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेल्या डॉक्टरांनी हे उत्तर बाजूला न सारता त्यालाच कामाचा आरंभ मानले. संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या निमित्ताने वेगवेगळ्या जातींचे पुरुष एका मैदानावर येऊ लागले. त्यातून गावोगावी शेतकरी मंडळे उभी राहिली, पुढे महिला मंडळे आली. आरोग्याच्या कामाची मुळे अशी खेळात, बियाण्यात आणि पाण्यात रुजली.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडायची कामे, सुकडी आणि गुरांच्या छावण्या विसरता येत नाहीत. जामखेडच्या गावांत मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले. सुरुवातीला बाहेरून आलेल्या धान्यावर आणि पुढे शेतकरी मंडळांनी स्वतः पिकवलेल्या धान्यावर ते चालले. कामाच्या बदल्यात धान्य देऊन बांधबंदिस्ती झाली. बोअर घेतल्या गेल्या, हापसे बसले. ते हापसे कुठे बसवायचे हा प्रश्न दिसायला भूगर्भशास्त्राचा, पण गावाच्या दृष्टीने जातीचा. आरोळ्यांनी ते शक्य तिथे दलित वस्तीत बसवले. ज्यांना पिढ्यान्पिढ्या विहिरीवर चढू दिले नव्हते, त्यांच्या दारात आता सगळ्या गावाला पाण्यासाठी यावे लागले. यावर त्यांनी भाषण केले नाही, ठराव मांडला नाही. तहानेने ते काम केले. या प्रकल्पाला केवळ वैद्यकीय प्रकल्प म्हणणाऱ्यांनी ही एक गोष्ट नीट पाहावी.

प्रकल्पाचा गाभा मात्र पुढे आहे, आणि तो एका अपयशातून आला. सुरुवातीची योजना अशी होती की प्रशिक्षित परिचारिका गावात राहतील आणि आरोग्याचे काम करतील. ते जमले नाही. शिकलेली, बाहेरून आलेली, एकटी राहणारी तरुण मुलगी गावाला परकी वाटे, आणि तिला गाव असुरक्षित वाटे. बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. तेव्हा प्रश्न उलटा विचारला गेला: गावातलीच बाई का नको? तिला लिहिता-वाचता येत नसेल, पण तिला गाव येते. कोणत्या घरातली सून दिवस गेल्याचे लपवते आहे, कोणाच्या घरात दोन वेळची भाकरी नाही, कोणता माणूस अंगावरचा चट्टा सदऱ्याखाली झाकतो, हे तिला माहीत असते.

गावांनी अशा बायका निवडल्या. त्यांतल्या बऱ्याचशा निरक्षर होत्या. कित्येकजणी दलित होत्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांना घरात कोणी विचारत नव्हते अशांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी मिळाली. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत आणि शिकत. एकत्र जेवण, एकत्र झोपणे. मराठा घरातली, मांग-महार वस्तीतली, मुसलमान घरातली अशा सगळ्याजणी एका पंगतीला. हे पहिल्या दिवशी सहज झाले असेल असे कोणी समजू नये. घरून निघतानाच जिने दुसरीच्या हातचे पाणी चालणार नाही असे ठरवलेले असते, तिचा तो निश्चय ढळायला किती दुपारी जाव्या लागल्या असतील!

शिकवण्याची पद्धतही नीट पाहण्यासारखी आहे. पुस्तक नव्हते, परीक्षेचा पेपर नव्हता. आठवडाभरात गावात काय घडले ते प्रत्येकीने सांगायचे, त्यावर सगळ्यांनी बोलायचे, आणि डॉक्टरांनी त्यात आपले ज्ञान घालायचे. गोवर म्हणजे देवीचा कोप असे मानणाऱ्या बाईला आधी तिच्या मनातली भीती बोलू दिली जाई, मग लसीविषयी सांगितले जाई. बाळंतिणीचा चीक वाईट म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला तीन दिवस अंगावर घ्यायचे नाही, ही रीत स्वतः पाळलेली आईच पुढे शेजारणीला ती मोडायला सांगू लागली. गावांनी निवडलेल्या या आरोग्यसेविका मुलांचे वजन करायला शिकल्या, दंडाचा घेर मोजायला शिकल्या. जुलाब लागले की मीठ-साखर-पाणी कसे द्यायचे, छातीत कफ भरलेले मूल कधी थांबू शकते आणि कधी तातडीने न्यावे लागते, स्वच्छ पात्याने नाळ कशी कापायची, कोणती गरोदर बाई घरी बाळंत होऊ शकते आणि कोणतीला आधीच रुग्णालयात पोचवायचे, हे त्यांनी आत्मसात केले. बधिर चट्टा ओळखून त्या महारोग्याला उपचाराला आणू लागल्या. आणि जामखेडच्या रुग्णालयात महारोगी वेगळ्या कोपऱ्यात नव्हे, इतर रुग्णांबरोबर ठेवला गेला, त्यामुळे गावातही त्याला पुन्हा जागा मिळाली.

ज्ञान देणे सोपे, अधिकार देणे कठीण. प्रकल्पाचे फिरते पथक डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक घेऊन गावात जाई, तेव्हा डॉक्टर आधी सेविकेला भेटत. तिने कोणाला पाहिले, काय केले, पुढे काय करावे असे तिला वाटते, हे सर्वांसमोर विचारत आणि ऐकत. कालपर्यंत जिला ओट्यावर बसता येत नव्हते, तिचा शब्द डॉक्टर मानतात, हे गाव पाहत होते. असे करायला डॉक्टरने आपल्या हातातले काहीतरी सोडावे लागते. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रक्रिया शिकवतात, औषधे शिकवतात. हे सोडणे कोणी शिकवत नाही. जामखेडची एक सेविका, मुक्ताबाई पोळ, 1988 साली वॉशिंग्टनला जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांपुढे बोलली, ती या सोडण्याचीच फलश्रुती होती.

याचा अर्थ रुग्णालय गौण होते असा मात्र काढू नये. ही चूक सामाजिक आरोग्यावर लिहिणारे पुष्कळदा करतात. सेविका जेव्हा म्हणते की ही बाळंतीण आता माझ्या हातची नाही, तेव्हा तिला घेणारे दार उघडे असावे लागते. तिथे सिझेरियन व्हावे लागते, रक्त मिळावे लागते, खर्च परवडावा लागतो. एकदा जरी ते दार बंद मिळाले तरी गाव तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. जामखेडने शस्त्रक्रियागृह चालवले, क्षकिरण यंत्र चालवले, कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा काढली. फक्त हे सगळे सेविकेच्या पाठीशी उभे राहावे अशा रीतीने चालवले.

परिणाम आकड्यांत दिसला. 1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत होती. 1976 पर्यंत हे प्रमाण 52 वर आले आणि नव्वदच्या दशकात तिशीच्याही खाली गेले. या घसरणीचे सगळे श्रेय सेविकांना देणे बरोबर होणार नाही. त्याच काळात रोजगार हमी आली, रस्ते झाले, शाळा वाढल्या. पण पहिल्या पाच वर्षांतला एवढा मोठा फरक रोजगार हमीने वा रस्त्यांनी उलगडत नाही. त्या वर्षांत तालुक्यात नवीन काय होते, तर पाणी, मुलांच्या पोटात अन्न आणि गावातली शिकलेली बाई.

जगाने याची दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या देशोदेशीच्या प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. 1978च्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या विचारात जामखेडसारख्या कामांचा वाटा होता. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 मध्ये रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण. जामखेडमध्ये पुढे प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशोदेशीचे लोक तिथे शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत सेविकाही असतात.

महाराष्ट्रात याच काळात इतरही वाटा फुटल्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या बानू कोयाजींनी शिरूर तालुक्यातल्या वढूच्या परिसरात काम उभे केले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून सुगीला ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी 1986 पासून केलेल्या कामातून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध झाली. 1999 साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि 2011 पासून ही पद्धत आशा या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. अलिबागजवळच्या मांडव्याला नोशीर अँटिया यांनी केलेला प्रयोग मात्र स्थानिक राजकीय विरोधामुळे थांबला. मांडव्याची हकिकत मला यशोगाथांइतकीच मोलाची वाटते. गरीब बाई औषध देऊ लागली, प्रश्न विचारू लागली, की कोणाची तरी सत्ता कमी होते, आणि ज्याची कमी होते तो गप्प बसत नाही. जामखेडला हे झेपले, कारण तिथे शेतकरी मंडळांच्या रूपाने गावातले पुरुष आधीच सोबत आले होते.

आता सरकारने काय घेतले ते पाहू. 1977 साली केंद्राने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. त्यात बहुतांश पुरुष नेमले गेले, महिना पन्नास रुपये मानधन ठरले आणि नेमणुकीत गावच्या पुढाऱ्यांचे हात शिरले. योजना विरत गेली. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. ती बाई आहे, गावातलीच आहे, हजार लोकवस्तीमागे एक आहे. महाराष्ट्रात अशा सुमारे 70 हजार आशा आहेत. हे मोठे पाऊल आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, लसीकरण वाढले, करोनाच्या दिवसांत घरोघर जाऊन ज्यांनी नोंदी केल्या त्या याच बायका. पण जामखेडचे जे मर्म, ते यात आले नाही. सेविका गावाला जबाबदार होती, आशा वरच्या कार्यालयाला आहे. सेविकेचे शिक्षण आठवड्या-आठवड्याला, वर्षानुवर्षे चालू राहिले. आशेचे ठरलेले प्रशिक्षण संपले की तिचा दिवस रजिस्टरे भरण्यात आणि मोबाइलवर माहिती पाठवण्यात जातो. सेविकेला डॉक्टर गावासमोर विचारत, आशेला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात ताटकळावे लागते.

दुसरीकडे सरकारी पैशाचा ओघ खाटांकडे वळला आहे. आजच्या आरोग्य विमा योजनांत शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, ती शस्त्रक्रिया टळावी म्हणून राबणाऱ्या बाईसाठी त्यात रकाना नाही. या योजनांनी कित्येक घरे कर्जातून वाचवली हे खरे आहे. पण ज्या दिशेला पैसा जातो त्या दिशेला व्यवस्था वाढते, आणि तालुक्याच्या गावी खाजगी रुग्णालयांची रांग लागते ती त्यामुळेच.

जामखेडविषयीही काही प्रश्न विचारायला हवेत, आणि वाचकाने ते विचारावेत. तिथल्या सेविकांना पगार नव्हता. प्रकल्पाने त्यांना कर्ज मिळवून देऊन, छोटे धंदे शिकवून स्वतःच्या पायावर उभे केले, आणि पगार नसल्यामुळेच त्या कोणाच्या नोकर झाल्या नाहीत असा त्यामागचा विचार होता. एका प्रकल्पात तो टिकला. सरकारने मात्र त्याचा आधार घेऊन आशेला तुटपुंज्या मोबदल्यावर राबवणे अन्याय आहे. राज्यातल्या आशांना मानधनासाठी वारंवार संपावर जावे लागते, ही आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. दुसरा प्रश्न माणसांचा. असे काम आरोळ्यांसारख्या असामान्य दांपत्याशिवाय उभे राहते का? मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. काम थांबले नाही. कन्या शोभा आणि चिरंजीव रवी यांनी ते पुढे नेले. करोनाच्या साथीत आरोळे कोविड सेंटरचे नाव जिल्ह्याबाहेरही पोचले. आता गावात हगवणीने मूल मरत नाही, पण पन्नाशीच्या माणसाला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणि त्याला ते माहीत नाही. सेविका आता रक्तदाब मोजतात. आजार बदलला, पद्धत उपयोगी पडली.

हे पुस्तक हातात घेणाऱ्यांत डॉक्टर असतील, विद्यार्थी असतील. माझी विनंती मात्र विशेषतः ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि ग्रामसभेला बसणाऱ्या प्रत्येकाला आहे. तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदोपत्री असणार. तिला दरवर्षी अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे, आणि तो गावाने ठरवून खर्च करायचा आहे. पुढच्या ग्रामसभेत त्या समितीच्या सदस्यांची नावे वाचून दाखवायला सांगा, निधीचा हिशेब मागा, आणि गावच्या आशेला समोर बसवून तिला काय हवे ते सर्वांदेखत विचारा.